नसलेली सात यंत्रं

सान्ता आगुस्तिना, कोताबातो
३ फेब्रुवारी १९९७

प्रिय मानांग,

बोटीवरच्या भांडाऱ्याबरोबर दोन टोपल्या पाठवल्या आहेत. एकीत डोंगरातली कॉफी, दुसरीत अननस. अननस तुझ्या खानावळीत कापून विकू नकोस, स्वतः खा. धाकटा भाऊ थोरल्या बहिणीला वर्षातून एकदा काही पाठवतो, ते हमालांच्या ताटात कशाला?

अननसांच्या खाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कंपनीचे कागद आहेत. दरवर्षीसारखाच ताळेबंद. खजिनदार म्हणून जिथे तुझं नाव आहे तिथे पेन्सिलनं फुल्या मारल्यात. तिथे सह्या कर, तुमच्या चौकातल्या नोटरीचा शिक्का घे आणि त्याच भांडाऱ्याबरोबर परत पाठव. एप्रिलच्या मध्याला दाखल करावे लागतात. यंदा घाई आहे, कारण नदीपलीकडच्या रस्त्याचं टेंडर निघतंय आणि सरकार आता ताळेबंद बघूनच काम देतं. कंपनीची ऐपत जेवढी दिसेल तेवढं मोठं काम. आपली यंत्रं अकरा, रांगेनं लिहिली आहेत. वाचत बसू नकोस, डोळे दुखतील.

इकडे सगळं उत्तम. यंत्रं दिवसभर राबतात.

एक छोटी गोष्ट. लिओनिसाचा नवरा मोहेन काम सोडून गेला. काही न सांगता. लोक म्हणतात समुद्रापलीकडच्या साबाहच्या बोटीत बसला, तिकडे पाम तेलाच्या मळ्यात मजुरी बरी मिळते. राखणदाराला कोण बांधून ठेवणार? पण तूच त्याला माझ्याकडे पाठवला होतास, म्हणून त्याचा तीन महिन्यांचा पगार पाकिटात घातला आहे. लिओनिसा रोज तुझ्या शेजारी उभी राहून मासे कापते. तूच तिला जरा सांभाळून सांग.

तुझा तोतो,
एवारिस्तो


इलोइलो, बंदराजवळ
१५ फेब्रुवारी १९९७

तोतो,

पन्नाशी उलटलेल्या माणसाला बाळाच्या नावानं हाक मारणारी आता मी एकटीच उरले, तेव्हा ऐकून घे. अननस साखरेसारखे होते. अर्धे हमालांनीच खाल्ले. माझं ऐकणारे ते, तुझं कशाला ऐकतील?

सह्या केलेल्या नाहीत. चष्मा फुटला असं लिहिणार होते, पण चष्मा नाकावर आहे.

तीन महिन्यांचा पगार, एवारिस्तो? फावडं हरवलं तर मजुराच्या पैशातून कापून घेणारा माणूस तू. आणि न सांगता पळालेल्याला बक्षीस? लिओनिसानं पाकीट घेतलं, ओले हात पोटाला पुसले आणि म्हणाली, "मानांग, हा पाण्याला घाबरतो हो. इथून तिकडे जाताना जपमाळ धरून, डोळे मिटून बसला होता, लोक हसत होते. परत बोटीत बसला तर घरी यायलाच बसेल. साबाहला कशाला जाईल?" मी कांदा चिरायला घेतला.

मंगळवारी तुमच्या बाजूचा एक कोंबड्यांचा व्यापारी जेवायला आला. मी तुझी बहीण म्हटल्यावर हसला. म्हणाला, "जानेवारीत तुमच्या भावाच्या यार्डात जत्रा होती का? टायर असे फुटत होते, आम्हाला वाटलं फटाके." मीही हसले. मग आत गेले आणि माझा भात करपला.

काय जळलं, तोतो?

आणि अकरा यंत्रांचं मला सांगू नकोस. दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या गावच्या जत्रेला आले, तेव्हाच सरकारी तपासनीस आला होता. सकाळी त्याला एका यार्डात पिवळी यंत्रं दाखवलीस. मग डुकराचं मांस खाऊ घालून, बिअर पाजून दुपारभर झोपवलंस, आणि उन्हं उतरल्यावर पलीकडच्या यार्डात नारिंगी यंत्रं दाखवलीस. रोलरच्या सीटवरचा रंग ओला होता, साहेब नारिंगी ढुंगणानं घरी गेला. आपण किती हसलो! रंगाऱ्यांना सरबत मीच नेऊन दिलं होतं.

ते असू दे. सगळे ठेकेदार करतात म्हणालास, मी मान्य केलं. पण मोहेनचं खरं लिही. त्यानंतर सह्या.

तुझी मानांग,
कोन्सोर्सिया


सान्ता आगुस्तिना
२६ फेब्रुवारी १९९७

मानांग,

कोंबड्या विकणाऱ्याचं ऐकून तू सख्ख्या भावाची उलटतपासणी घेणार? बरं, घे.

हो, आग लागली. रविवारी दुपारी, मजूर कोंबड्यांच्या झुंजीला गेले होते तेव्हा. डोंगरातली बंडखोर माणसं आली, बंदुका घेऊन. बुलडोझर, ग्रेडर, रोलर, लोडर, चारही जाळली. डिझेल आमच्याच पिंपातलं. काचा वितळून मेणासारख्या खाली आल्या होत्या. मोहेन शेडमध्ये झोपला होता, धुरानं गुदमरला. झोपेतच गेला, त्याला कळलंही नाही. पाद्री बोलावला, चांगली पेटी केली, रीतसर पुरलं.

आता नीट समजून घे. जळालेली यंत्रं ताळेबंदातून काढली तर आपल्या लायसन्सचा वर्ग तळाला जातो. हातातला रस्ता सरकार काढून घेतं आणि बँक घर घेते. म्हणून कागदावर यंत्रं जिवंत राहिली पाहिजेत. आणि यंत्रं जळलीच नसतील, तर त्या आगीत माणूस मेला कसा? मृत्यूचा दाखला काढला की कारण लिहावं लागतं. कारण लिहिलं की पोलीस येणार, पोलिसांच्या मागून विमेवाले, त्यांच्या मागून तपासनीस.

फक्त एप्रिलपर्यंत दम धर. ताळेबंद दाखल झाला, टेंडर मिळालं, की आगाऊ रकमेतून जुनी यंत्रं विकत घेतो. मग मे महिन्यात मोहेनला रीतसर मारू. लिओनिसाला नुकसानभरपाई देईन, माझा शब्द.

हे काम माझ्या एकट्याचं नाही. खासदारांचा माणूस इंजिनियर तुमानेंग, त्याचा यात अर्धा वाटा आहे, आणि त्याला ताटकळायची सवय नाही. सह्या कर, मानांग. तिला काही बोलू नकोस.

एवारिस्तो


इलोइलो
८ मार्च १९९७

एवारिस्तो,

तुझं पत्र मी तांदळाच्या डब्यात लपवलं आणि नेमकी लिओनिसाच तांदूळ काढायला गेली. तिला वाचता येत नाही. कागद माझ्या हातात देऊन म्हणाली, "मानांग, तुमचा पत्रव्यवहार भातात शिजेल एखाद्या दिवशी."

त्या तीन महिन्यांच्या पगारातून तिनं डुकराचं पिल्लू घेतलंय. नाव ठेवलंय साबाह. रोज खरकटं घालताना त्याला शिव्या देते, "खा रे साबाह, मेल्या, माझा नवरा पळवलास ना, खा." हमाल हसतात. मीही हसते. तोतो, माझ्या तोंडाला हसायचा असा त्रास कधी झाला नव्हता.

तू लिहितोस मे महिन्यात त्याला मारू. आत्ता मग तो कोण आहे?

मला शहाणी समजू नकोस, पण वेडीही समजू नकोस. तुझ्या शेडला भिंती नाहीत. जत्रेला आले तेव्हा तिथल्या वाऱ्यानं माझ्या डोक्यावरची ओढणी नेली. चार खांब आणि एक पत्रा, त्यात माणूस गुदमरतो कसा?

आणि ही डोंगरातली माणसं राखणदाराला मारत नाहीत, हे या बंदरावर कुणालाही विचार. ते त्याला बाजूला बसवतात, सिगारेट देतात, "डबा घे रे बाबा तुझा" म्हणतात आणि मग काडी लावतात. कारण उद्या त्यांना त्याच्याच गावात भात मागायला यायचं असतं. यंत्र मालकाचं, राखणदार गरिबाचा, एवढं त्यांना कळतं. मग मोहेनलाच का?

तू त्यांचा हप्ता देत होतास ना? सगळेच देतात. मग जाळलं का?

पाद्र्याचं नाव लिही, मी त्याला पत्र घालते. तोवर तुझे कागद माझ्या व्हिनेगरच्या बाटल्यांखाली आहेत, आणि तिथेच राहतील.

मानांग


सान्ता आगुस्तिना
१९ मार्च १९९७

मानांग,

पाद्री नव्हता. पेटी नव्हती.

डिसेंबरात डोंगरातून चिठ्ठी आली होती. त्यांचा कर. दरवर्षी येते, दरवर्षी मी चार यंत्रांचा देतो. या वेळी अकरा यंत्रांचा मागितला होता. सोबत आपल्या ताळेबंदाची झेरॉक्स. काम मिळालेल्या कंपन्यांचे कागद प्रांताच्या कचेरीत फळ्यावर लावतात, तिथून कुणीतरी काढली. सगळी यंत्रं रांगेनं, नंबर, मेक, वर्ष. खाली माझी सही, तुझी सही, सरकारी शिक्का.

मी निरोप पाठवला की बाबांनो, यंत्रं चारच आहेत. सात नुसती कागदावर आहेत. भंगारवाल्याकडून मी फक्त त्यांच्या नंबरांचे पत्रे विकत घेतले होते, काम मोठं मिळावं म्हणून. उत्तर आलं, "सरकारला अकरा सांगतोस, आम्हाला चार. लपवलेली काढ." एका बाजूला शिक्क्याचा कागद, दुसऱ्या बाजूला माझं तोंड. त्यांनी कागदावर विश्वास ठेवला.

त्या रविवारी मी यार्डातच होतो. मोहेनबरोबर बसून भात खात होतो. नदीकडून ते येताना त्यालाच आधी दिसले. म्हणाला, "बॉस, तुम्ही मोरीत शिरा. मला काही करत नाहीत ते, राखणदाराला सोडतात." रस्त्याखाली पाण्यासाठी सिमेंटचा पाइप टाकला होता, त्यात मी शिरलो. तुझ्या चुलीपासून तुझा रस्ता जेवढा लांब, तेवढंच अंतर. सगळं ऐकू येत होतं.

आधी त्यांनी नीटच विचारलं. बाकीची सात कुठे आहेत? "चारच आहेत हो साहेब." मग कानाखाली. मग त्यांच्यातल्या एकानं तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला, एकेका यंत्राचं नाव घेऊन. "हे कुठंय? आणि हे?" "नाही हो साहेब, बघितलं पण नाही कधी." मग बंदुकीचा दस्ता गुडघ्यावर. तो आवाज मला आधी लाकडाचा वाटला.

थोड्या वेळानं तो म्हणायला लागला, "आहेत, आहेत. बांबूच्या बनात आहेत." दोघं बघायला गेले. तेवढा वेळ त्याला कुणी हात लावला नाही. त्यानं पाणी मागितलं, एकानं दिलं. ते परत आले, बनात काही नव्हतं. मग फार मारलं. मग म्हणाला, "चॅपलच्या मागं." पुन्हा गेले. मग "शाळेच्या पटांगणात". मला कळलं की तो नुसता मधला वेळ विकत घेतोय. आणि दर वेळी ते रिकामे परत यायचे तेव्हा त्याची किंमत वाढलेली असायची.

शेवटी त्यांनी रोलर सुरू केला. तो सुरू होताना आधी खोकतो, मी ओळखतो तो आवाज. पाय आधी.

मानांग, मी बाहेर येऊन एवढंच म्हणायचं होतं, की ती सात नाहीत, मी खोटं लिहिलं, माझ्याकडे बघा. मालकाच्या तोंडून ऐकलं असतं तर त्यांना पटलं असतं. किंवा नसतं. मी पाइपातच राहिलो. आणि त्यानं एकदाही म्हटलं नाही की मालक तिथे आहे, त्याला विचारा. तो बांबूचं बन म्हणाला, चॅपल म्हणाला, शाळा म्हणाला. मोरी म्हणाला नाही.

मग गोळी, मग डिझेल.

तुमानेंग आला तेव्हा यंत्रं धुमसत होती. म्हणाला, मजूर झुंजीवरून यायच्या आत भरावात टाक. त्याच्या दोन माणसांनी आणि मी फावड्यांनी टाकला. चॅपलच्या वळणाला, रस्त्याच्या पोटात. दुसऱ्या दिवशी वर खडी.

तू सही केली नाहीस हे तुमानेंगला कळलं आहे. त्यानं पिस्तूल माझ्या तोंडात घालून पत्ता विचारला. वरचे दोन दात गेले. मी पत्ता दिला, मानांग. तो येतोय. त्याच्याशी वाद घालू नकोस. जेवायला घाल आणि सही कर.

एवारिस्तो


इलोइलो
४ एप्रिल १९९७

तोतो,

अक्षर वाकडं आलंय, डाव्या हातानं लिहिते आहे.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी, खानावळ रिकामी झाल्यावर, मी ते लिओनिसाला वाचून दाखवलं. ती मासे साफ करत होती, करतच राहिली. सगळं संपल्यावर एकच विचारलं, "पाणी मागितलं म्हणता, ते दिलं ना?" म्हटलं, दिलं. "बरं," म्हणाली. त्या दिवसाचे सगळे मासे तिनं इतके बारीक केले की रश्श्याशिवाय कशाच्या कामाचे राहिले नाहीत.

सगळं वाचलं, एक सोडून. तू पाइपात होतास ते वाचलं नाही. ते तुझं आहे, तुझ्या तोंडानं सांग.

सोमवारी, भर जेवणाच्या वेळी, तुमानेंग आला. बरोबर दोघं. आवाज कसा गोड, मलाही मानांग म्हणाला! बांगड्याच्या दोन थाळ्या खाल्ल्या, मिरची कमी म्हणून कुरकुरला. मग कागद काढले आणि चमचा ठेवावा तसं पिस्तूल वाटीशेजारी ठेवलं. "तीन फुल्या, तीन सह्या, आणि बिल मी देतो. टिपसकट."

मी हात धुतले. पेन घेतलं. यादीत बुलडोझरपुढे लिहिलं, जळाला. ग्रेडर, रोलर, लोडर, प्रत्येकापुढे जळाला. बाकीच्या सातांपुढे लिहिलं, कधीच नव्हतं. खाली लिहिलं, या सात यंत्रांचा ठावठिकाणा विचारताना राखणदार एर्मोहेनेस सुमागायसाय याला ठार मारण्यात आलं, तो चॅपलच्या वळणाला रस्त्याखाली आहे. मग तिन्ही फुल्यांवर सुंदर सह्या केल्या. शाळेत कधी केल्या नव्हत्या इतक्या सुंदर.

त्यानं वाचलं. तोंड पुसलं. "म्हातारे, तुला विनोद सुचतात," म्हणाला आणि पिस्तुलाचा दस्ता माझ्या उजव्या हातावर घातला. दोन बोटं गेली, हाडं कढईतल्या पापडासारखी वाजली. दुसरा फटका तोंडावर. हमाल उठले तसे त्याच्या माणसांनीही पिस्तुलं काढली. एकानं भाताच्या हंड्यात गोळी घातली, उकळती पेज भिंतीभर. मुकादम आम्पिंगच्या मांडीत दुसरी. मग सगळे पुन्हा बाकांवर बसले.

"माझ्याकडे कोरी प्रत आहे," तुमानेंग मला म्हणाला. "डाव्या हातानं करशील." मासे कापायच्या फळीवर त्यानं ती पसरली, तळव्यानं सपाट केली आणि लिओनिसाकडे न बघताच ओरडला, "ए बाई, फडकं आण, इथं सगळं चिकट आहे."

त्याला काय ठाऊक ती कोण. तिनं फडकं आणलं नाही. कोयता आणला, ट्यूनाचं डोकं तोडायचा. त्याची तीन बोटं फळीवरच राहिली. ती लगेच फळी पुसायला लागली.

मग हमालांना आवरणं माझ्या हातात नव्हतं. माझे आठही बाक मोडले ते कुणाच्या पाठीवर मोडले, ते तू समजून घे. त्याचा एक माणूस इस्पितळात आहे, पुन्हा सरळ चालेल असं वाटत नाही. दुसरा पाण्यात उडी मारून गेला. तुमानेंग माझ्या ॲप्रनमध्ये हात गुंडाळून जीपकडे पळाला. पोलीस सावकाश आले आणि आधी विचारलं, रस्सा उरलाय का.

आम्ही दोघी तो सही केलेला कागद घेऊन तशाच निघालो. नोटरीनं आधी शिक्का मारला, मग वाचलं, मग खुर्चीत बसला. कंपन्यांच्या नोंदणीच्या कचेरीत खिडकीवरचा पोरगा म्हणाला, "आजी, हे लाल काय आहे?" म्हटलं, "थोडं रक्त, थोडा टोमॅटो. शिक्क्याची जागा कोरडी आहे." मारला बिचाऱ्यानं. खिडकीवर कुणी वाचत नाही हे तूच मला शिकवलंस.

तेव्हा आता ताळेबंद दाखल आहे. शिक्क्याची प्रत सोबत आहे.

कंपनी गेली, तोतो. घरही जाईल. तुझा जीव धोक्यात घालून मी हे केलं, मला माहीत आहे. चार दिवस झोपेशिवाय काढून मग लिहायला बसले. ये. इथे भांडी घासायला माणूस हवाच आहे आणि तुझे दात गेले असले तरी मऊ भात मला शिजवता येतो. पण रिकामा येऊ नकोस. लिओनिसाला तिचा माणूस हवा आहे.

मानांग


जनरल सान्तोस, बंदर
१७ एप्रिल १९९७

मानांग,

हे पत्र आजच्या बोटीनं पुढे पाठवतो. मी पुढच्या बोटीनं येतोय, पेटीसकट.

तुझा कागद पोचला त्याच दिवशी तुमानेंगच्या माणसांनी माझं घर पेटवलं. मी मागच्या खिडकीतून उसात उडी मारली. कुत्रा आत राहिला. ते जिथे येत नाहीत अशी एकच जागा मला ठाऊक होती, आणि रस्ता खणायचा तर परवानगीही तिथूनच लागणार होती. म्हणून डोंगरात गेलो, तुझा कागद शर्टाच्या आत घालून.

त्यांचा कमांडर वाळका माणूस आहे, चष्म्याला सुतळी बांधलेली, प्राथमिक शाळेतल्या मास्तरांसारखा. त्यानं कागद दोनदा वाचला. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग चुलीपाशी बसलेल्या एकाला हाक मारली.

"राखणदाराला तू विचारलंस ना?"

"हो."

"सगळ्यात आधी काय म्हणाला तो?"

"चारच, म्हणाला."

कमांडरनं कागद त्याच्या हातात दिला. त्यानं अक्षर अक्षर लावून वाचला. मग म्हणाला, "पण त्या कागदावरही शिक्का होताच की, कॉम्रेड." असा म्हणाला जसं काही दुकानात कुणी त्याला फसवलंय.

मला वाटलं आता बैठक घेतील, त्यांच्यात फार बैठका चालतात. घेतली. एका सिगारेटएवढी. मग त्याला कॉफीच्या झाडांमागे नेलं. मी हे मागितलं नव्हतं, मानांग. गोळी वाजली. पहिल्या कागदानं एक माणूस मारला, दुसऱ्यानं दुसरा, आणि दोन्हींवर आपल्या सह्या आहेत. तुला टोचायला लिहीत नाही. मला हे आणखी कुणाला लिहिता येत नाही.

कमांडर परत आला आणि मला विचारलं, "तू कुठे होतास?"

म्हटलं, मोरीत.

कुणी हसलं नाही. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी म्हटलं, मलाही न्या झाडांमागे. तो म्हणाला, "तुझा निवाडा आमच्याकडे नाही. ज्या बाईचा माणूस गेला तिच्याकडे जा."

रस्त्यावर त्यांनी पहारा दिला आणि गावच्या माणसांबरोबर मी खणलं. यंत्र एकही नाही, टिकाव आणि हात. तुमानेंगचे लोक एकदा जीप घेऊन आले, दोन टायर फुटल्यावर मागे फिरले. दुपार कलताना मोहेन सापडला. खडीनं त्याला बराचसा राखला होता. गावचे लोक म्हणाले, पायांकडे बघू नका. मी बघितलं. धुतलंही मीच, दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. या वेळी पाद्री होता, पेटीही आहे, आणि डॉक्टरनं दाखला दिलाय. कारणाच्या रकान्यात खरं कारण आहे.

बोट मंगळवारी सकाळी लागेल. लिओनिसाला धक्क्यावर घेऊन ये. पेटी उतरवायच्या आधी मला उतरू दे. पाइपात होतो, सगळं ऐकत होतो आणि बाहेर आलो नाही, हे मी तिला तिथेच सांगणार आहे, ती माझ्याकडे बघत असताना. मग ती जे करेल ते करेल. हमालांना मध्ये पडू देऊ नकोस. आणि मानांग, तूही लांब उभी राहा.

एवारिस्तो